पिठाच्या गोळ्या

महापालिकेने तलावात मासेमारीचा ठेका दिला आणि रामघाटावरच्या नीलकंठशास्त्र्यांचं डोकं फिरलं. रोज सकाळी पूजा आटोपून तलावावर जायचं, पायरीवर उभं राहून घंटी वाजवायची आणि गोळा झालेल्या माशांना पिठाच्या गोळ्या घालायच्या, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात नेम. आता ते ठेकेदाराच्या नाकावर टिच्चून दुप्पट पीठ मळू लागले.

गोळ्या संपल्या की होडीत जाळं घेऊन बसलेल्या त्या ठेकेदार रामसूरतला ते अस्सल मराठीत शिव्या हासडत आणि तरातरा घरी निघत. तो मात्र हात जोडत असे.

"पापाला घाबरतोय लेकाचा," शास्त्रीबुवा घरी येऊन बायकोला सांगत.

मग त्यांना सणकून ताप भरला आणि तलावावर जाणं बंद झालं. चार दिवसांनी रामसूरत खांद्यावर आट्याची गोणी घेऊन थेट दारात उभा. गोणी त्याने उंबऱ्याशी ठेवली आणि नेहमीसारखे हात जोडले.

"जल्दी ठीक हो जाइए, पंडितजी. आपकी घंटी नहीं बजती, तो जाल में एक मछली नहीं आती."