जोडावरचा पाय

हृदयाच्या बायपासमध्ये बसवलेली शीर जोडापाशीच बुजली आणि पंच्याण्णव साली बन्सीअण्णा गेले. तेव्हापासून त्यांची लेक प्रज्ञा नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकाच ध्यासानं बसायची. शीर कोणत्या कोनात जोडली तर रक्त अडणार नाही, हे तिला कॉम्प्युटरवर शोधायचं होतं.

पण कोन कितीही बदलला तरी पडद्यावरचं रक्त जोडापाशी दुभंगायचं आणि तिथं नसलेल्या कशाला तरी वळसा घालून जायचं. तिनं आकृती पुसून नव्यानं काढली. पोकळी तिथंच.

दुपारी पुणतांब्याहून आई डबा घेऊन आली. पडदा बघितला आणि भागिरथीनं त्या पोकळीवर बोट ठेवलं.

"ह्यांचा पाय हाय त्यो. उसाला दारं धरताना सरीच्या तोंडाशी असाच आडवा लावायचे, पान्याचा जोर मोडायला."

मग पदर सावरून ती पडद्यालाच म्हणाली, "अहो, काढा आता पाय. लेकीचं पानी फुडं जाऊ द्या."

पोकळी हलली. पाऊल उचलावं तशी ती नळीच्या टोकाकडं निघाली. तिच्यामागं रक्त सरळ, मोकळं वाहू लागलं.

टोक जवळ आलं तसं प्रज्ञाच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, थांबा ना!"

पोकळी थबकली, आणि पडद्यावरचं सगळं रक्त जागच्या जागी थांबलं.