चोथा

सुई टोचली तरी छिंगहे रडली नाही. तिने बोटाकडे पाहिलं आणि डोकं आजोबा गेनशुईच्या दंडावर टेकलं.

वान डॉक्टरबाईंनी यंत्रातला आकडा वाचला. मग जुनी चिठ्ठी काढून पाहिली.

"हिमोग्लोबिन लिटरमागे ब्याऐंशी ग्रॅम. दोन महिन्यांपूर्वी चौऱ्याऐंशी होतं. सहा वर्षांच्या मुलीला एकशे पंधरा तरी हवं."

"वाढलं नाही?" गेनशुईने विचारलं.

"उलट उतरलंय, काका. लोह नाही अंगात. पुढच्या खेपेलाही असंच निघालं तर माझ्या हातात काही नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

दोन महिने गेनशुई सुनेचा व्हिडिओ फोन आला की पोरीला खिडकीकडे पाठ करून बसवत होता. मुलगा आणि सून दोंगग्वानला बुटांच्या कारखान्यात होते, नवीन वर्षालाच घरी यायचे. पोरगी पिवळी का दिसते, असं सुनेने दोनदा विचारलं होतं. फोन जुना झालाय, असं त्याने दोनदा सांगितलं होतं.

"खायला काय देता तिला?"

याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. तो सरळ बसला.

"कोंबडी. काळी, घरची. दर आठवड्याला एक कापतो. मडक्यात घालायची आणि भुशाच्या विस्तवावर सहा तास ठेवायची. आजसुद्धा आणलंय." त्याने पिशवीतून डबा काढला. "रांगेत बसल्या बसल्या सगळं सूप प्यायली. थेंब ठेवला नाही."

डॉक्टरबाईंनी झाकण उघडलं. तळाशी मांडीचे दोन मोठे तुकडे होते.

"आणि हे कुणाचं?"

"माझं. तो चोथा. कस सगळा सुपात उतरतो ना. पोरीला चोथा कसा देऊ? टाकवत नाही म्हणून मी खातो."

"दर वेळी?"

"दर वेळी. तिला एक घाससुद्धा खाऊ दिला नाही त्यातला."

डॉक्टरबाईंनी डबा टेबलावर ठेवला. "हात द्या."

"माझा कशाला?"

"द्या तर."

सुई टोचली. यंत्राने जरा वेळ घेतला. एकशे त्रेचाळीस.

दाराशी शेजारची चिनश्यांग म्हातारी आपल्या पाळीची वाट पाहत बसली होती. ती खुदकन हसली. "वा, भाऊजी. कोंबड्या नातीच्या नावानं कापल्या आणि रक्त स्वतःचं वाढवलं."

गेनशुईचा चेहरा पडला.

"हसू नका, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे चोथा कोण खातं?"

"कुत्रं."

"तरीच ते एवढं माजलंय."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "काका, सुपात चव उतरते. लोह मांसातच राहतं. तुम्ही आजवर तिला चव पाजलीत."

"दोन महिने?"

"दोन महिने. आज कळलं ना? मग झालं. हे औषध रोज द्या. शी काळी होईल, घाबरून बंद करू नका." त्यांनी डबा त्याच्याकडे सरकवला. "आणि हे आजपासून तिचं."

गेनशुईने जेवायच्या काड्या काढल्या. मांस बारीक सोडवलं आणि एक तुकडा नातीच्या तोंडात घातला. ती बराच वेळ चावत राहिली.

"आजोबा, याला चवच नाही."

"चाव."

"दोरीसारखं लागतंय."

"चाव, पोरी. तुझ्या आजीनं पन्नास वर्षं हेच…"

तो थांबला. काड्या हातात तशाच राहिल्या.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "हिची आजी सूप मला वाढायची. मग पोरांना. तळाचं ती खायची. मला चोथाच आवडतो, म्हणायची. मी कधी म्हटलं नाही की आज तू पी, मी चोथा खातो. एकदाही नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून मडकं चुलीवर ठेवलं की मला तेच आठवतं. पन्नास वर्षं बाईला माझ्या घरी चोथाच मिळाला." त्याने डब्यात पाहिलं. "म्हणजे लोह तिला मिळत होतं?"

डॉक्टरबाई चिठ्ठी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तिलाच मिळत होतं, काका."

"सगळं?"

"मडक्यात होतं ते बहुतेक सगळं."

"तरीच," दाराशी चिनश्यांग म्हणाली. "शेतावर माझ्या दुप्पट ओझं उचलायची ती. कावड खांद्यावर घेऊन चढावर पुढे, आणि मी मागे धापा टाकतेय. मला वाटायचं, माहेरचं हाडच दणकट."

गेनशुई हसला. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते त्याने पुसले नाहीत. एका हातात डबा होता, दुसऱ्यात काड्या.

"बरं झालं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, कुणाकडेही न पाहता, पुन्हा म्हणाला, "फार बरं झालं."

छिंगहेने त्याची बाही ओढली आणि तोंड उघडून दाखवलं. पहिला तुकडा संपला होता.