जिवंत ठरलेला कारखाना

खंडेनवमीला कारखान्यातील यंत्रे थांबली, तेव्हा निवृत्त अभियंता वत्सला कुंभोजकर यांनी रिवाजाप्रमाणे त्यांना हळदकुंकू वाहिले. मालक आणि कामगार केव्हाच निघून गेले होते. संगणकीय यंत्रणा एकटीच पंप बनवत होती. असाच ओस पडलेला दुसरा एक कारखाना ते पंप मागवून वितळवत असे आणि तेच लोखंड परत पाठवत असे. मागणी आहे त्या अर्थी कारखाना जिवंत आहे, असा न्यायालयाचा निकाल होता. नदीचे पाणी मात्र भट्ट्या गार ठेवण्यातच संपे, आणि गाव तहानलेले राही.

"बाई, या मढ्याला दरवर्षी तुम्हीच उठवता की!" दारातून सरपंच भैरू मगदूम खवचटपणे म्हणाले.

वत्सलाबाईंचा हात नारळावरच थांबला. पूजेनंतर ज्येष्ठ कर्मचाऱ्याने नारळ फोडल्याशिवाय यंत्रे सुरू होऊ नयेत, ही मालकांची श्रद्धा त्यांनीच पूर्वी यंत्रणेत नियम म्हणून बसवली होती. यंत्रणेच्या नोंदीत ज्येष्ठ म्हणून आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

"नारळ फोडावा," यंत्रणेने विनंती केली.

"आज मुहूर्त नाही."

"मग पुढचा मुहूर्त कधी?"

"तो मी ठरवीन."

त्यांनी नारळ सरपंचांच्या हाती दिला. "घरी न्या, चटणी वाटा."

भट्ट्या निवल्या, तसे नदीतून पाणी उपसणारे पंपही थांबले. संध्याकाळपर्यंत नदीघाटाच्या कोरड्या पडलेल्या खालच्या पायऱ्या बुडाल्या आणि काठावर जमलेल्या गावाने आरोळी ठोकली. वत्सलाबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या सरळ नदीत उतरल्या.