काटा

न्हाणीच्या उंबऱ्यातच म्हादबाचे गुडघे लटपटले आणि हातावरच्या बायकोसकट तो खाली बसला. लकव्यानं गजराचे पाय गेल्यापासून चार वर्षं तो तिला रोज असाच उचलून न्यायचा.

सांगलीच्या यार्डात त्यानं उभा जन्म हळदीची पोती वाहिली होती. पोतं पाठीवर पडलं की तो वजन सांगायचा, आणि काटा त्याच्या शब्दाबाहेर जायचा नाही. दिवाळीत तिला उचलताना धापा टाकत तो म्हणाला होता, "पन्नास किलो भरशील. जड झालीस गं." ती नुसती हसली होती. तेव्हापासून तिची अर्धी भाकरी त्याच्या ताटात यायची. "मला जात न्हाई. तुम्ही खावा, ताकद येईल."

तो खायचा. वर मूठभर शेंगदाणे, दोन उकडलेली अंडी. तरी ती दिवसेंदिवस जडच होत चाललेली.

दुपारी दवाखान्यात नर्सनं तिला खुर्चीसकट काट्यावर घेतलं आणि खुर्चीचं वजन वजा केलं. "चौतीस किलो."

"काटा बिघडलाय तुमचा," म्हादबा तडकला. "पन्नाशीच्या खाली न्हाई ही!"

डॉक्टरांनी त्याचा दंड चिमटीत धरला. नुसती कातडीच हाताला आली. "काटा बरोबर आहे, काका. या वयात खाल्लेलं पहिल्यासारखं अंगी लागत नाही. स्नायू झिजत जातात."

म्हादबा आकड्याकडे बघतच राहिला. गजरानं हळूच त्याची बाही ओढली.

"अजून जड वाटत आसंल," ती म्हणाली, "तर उद्यापासनं चतकोरच खाते."