पाचवा रकाना

“विहिरीत पाणी आहे की नाही?” व्यंकटने विचारले.

“हाय की.”

“मग टँकर कसा देणार?”

“पाणी हाय, पण आमाला न्हाय,” तारामती म्हणाली. “बौद्धवाड्यातल्या बायांना काठावर चढू देत न्हाईत. सून आठव्या महिन्यात, अन् कोसभर झऱ्यावर जाती. तुमच्या कार्डातलं पाणी प्यावं व्हय तिनं?”

व्यंकटने तिच्या गावाचे कार्ड पुढे ओढले. १९७३ चा उन्हाळा होता. तालुक्याच्या पाणी सहकारी संघाने प्रत्येक विहिरीचे कार्ड करायचे ठरवले, तेव्हा आखणी या रसायनशास्त्राच्या पदवीधराकडे आली. त्याने चार रकाने पाडले: गाव, विहीर, पाणी, अंतर. एका रकान्यात एकच गोष्ट. तलाठी असो की टँकरचा ड्रायव्हर, कार्ड कोणीही उचलले तरी अर्थ एकच लागला पाहिजे. टँकर कुठे जायचा ते या कार्डांवरून ठरे. तारामतीच्या गावाच्या कार्डावर ‘पाणी: आहे’ असे लिहिले होते. ते खरे होते, आणि त्यामुळेच तिची वस्ती तहानलेली होती.

म्हणजे चूक आखणीत होती. ती सापडल्याचा त्याला आनंदच झाला. त्याने पाचवा रकाना पाडला: ‘पाणी कोणासाठी’. त्याच आठवड्यात तारामतीच्या वस्तीत टँकर गेला.

मग तालुक्यातली सगळी कार्डे नव्याने भरायला धाडली. बरीच कार्डे पाचवा रकाना कोरा ठेवून आली. कोरा म्हणजे सगळ्यांसाठी, की तलाठ्याने कंटाळा केला? अंदाज व्यंकटला चालत नसे. ‘गावात चौकशी करून भरावे’ असा शेरा मारून त्याने ती सगळी परत पाठवली.

पुढच्या महिन्यात तारामती पुन्हा आली. नातू झाला म्हणून तिने त्याच्या हातावर गूळ ठेवला. सोबत एक बाई होती.

“ही माझी धाकटी बहीण, पुतळाबाई. पल्याडच्या गावात दिलीय. हिचं बी बघा, साहेब.”

व्यंकटने त्या गावाचे कार्ड काढले. कोरे म्हणून परत गेलेल्यांपैकीच ते होते. आता पाचव्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘फक्त सवर्णांसाठी’. त्याने लगेच पेन उघडले.

“उद्यापासून टँकर येईल, मावशी. कार्डात आता सगळं स्पष्ट आहे.”

पुतळाबाई दारापाशीच उभी होती.

“टँकर कशाला, साहेब? आमी त्याच विहिरीवर भरत होतो की, म्हागल्या आठवड्यापतूर. तलाठ्यानं चावडीत समद्यांपुढं वाचलं, पाणी कोणासाठी म्हणून. आजवर त्ये कुणी इचारलंच न्हवतं.”