लांडग्याच्या चपला

पडद्यावर पौर्णिमेचा चंद्र उगवला आणि माणसाचा लांडगा झाला. अंगभर घोंगडीची लोकर चिकटवलेला तो लांडगा गुरगुरत नायिकेच्या दारात आला. उंबऱ्यापाशी थबकला, चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि मगच तिच्या नरडीवर झेपावला.

थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मीही पोट धरून हसलो. दिग्दर्शक मीच. ही चूक मला एडिटिंगलाच दिसली होती, पण लोक हसतील म्हणून मुद्दाम ठेवली होती.

लांडगा झालेले विष्णुकाका शेजारीच बसले होते. नवा सदरा घातलेला, मान खाली.

"काका, लांडगा कुठं चपला काढतो होय?"

"चुकलंच माझं," ते पुटपुटले. "पण शूटिंग तुमच्याच घरात होतं ना. तुमच्या आईंनी नुकतीच फरशी पुसली होती. कंबर धरून पुसत होत्या हो."

 त्याच फरशीवर आमचं अख्खं युनिट बूट घालून नाचलं होतं. मीसुद्धा.

पलीकडच्या खुर्चीत आई होती. सगळ्यांबरोबर तीही हसत होती, एक हात कमरेवर दाबून.