पुतूच्या नावावरचे खेळ

"दोन कोटी चाळीस लाख रुपिया!" कोमांगनं लॅपटॉप भावाच्या पुढ्यात आपटला. "माझा वर्षाचा पगार आहे हा, ब्ली!"

तिचा ब्ली, थोरला भाऊ, जेवता जेवता थांबला. तिथे नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात: थोरला म्हणून पुतू, तिसरी म्हणून ती कोमांग. खात्याचं नाव टाकलं की आजवर कॉम्प्युटरवरच्या खेळांवर किती उडवले त्याचा अंदाज सांगणारी ती वेबसाइट होती. खातं होतं 'पुतू सानूर', सानूर हे त्यांचं गाव. खेळ दोनशेच्या वर.

"तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"लॅपटॉप उघडाच होता. विषय बदलू नकोस."

पुतूनं वडलांकडे पाहिलं. बापा ओट्यावर बसून कॉफी ढवळत होते. पुतू जन्मल्यापासून आळीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. सगळे म्हणायचे पान पुतू, पुतूचा बाप.

"अगं, आजची पूर्ण किंमत धरतात ते," पुतू म्हणाला. "सेलमध्ये निम्म्यात मिळतात."

"मग निम्मे धर! तरी माझी फी निघते!"

जपानला म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम मिळवायचं, तर आधी देनपसार शहरात भाषेचा वर्ग करायला हवा. सोमवारपर्यंत फी भरली नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. आणि बापांचं आपलं एकच पालुपद, घरात पैसा नाही.

"त्यातले निम्मे खेळ तर उघडलेलेसुद्धा नाहीत! मी पाहुण्यांच्या चादरी बदलून कंबर मोडून घेते, आणि इथे राक्षस मारायला पैसे आहेत? लाज कशी वाटत नाही रे?"

पुतू खाली मान घालून भात चिवडत राहिला.

"जाऊ दे गं," बापा म्हणाले. "चुकतं माणूस."

"तुम्हीच डोक्यावर बसवलंय त्याला!"

खरंच होतं. बापा स्वतः त्यांच्या घरात थोरले, बाजूही कायम थोरल्याचीच घ्यायचे. पोरीनं राबायचं, पोरीनंच थांबायचं आणि वर पोरीनंच समजून घ्यायचं! का म्हणून?

"विकून टाक हे खातं. आत्ता!"

"विकता येत नाही ते."

"मग पुसून टाक! तुझी ही थेरं बंद झाल्याशिवाय या घरात पैसा टिकायचा नाही."

"कोमांग, ऐक माझं. नको." पुतूनं तिचा हात धरला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"दुखलं ना? दुखू दे!" तिनं हात झिडकारला, खात्याचं पान उघडलं आणि 'खातं बंद करा'चं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. खातं कायमचं बंद करण्यासाठी, मालकाच्या फोनवर पाठवलेला आकडा इथे टाका.

"आण तुझा फोन."

पुतूनं मुकाट्यानं फोन तिच्या हातात ठेवला. ती पडद्याकडे टक लावून बसली. काही आलं नाही.

टिंग झालं, ते बापांच्या खिशात.